चालू गाडीला मालक लागतो

मंगळवार, ४ तारीख

बाळ्या,

सगळ्यात आधी आला तो भंगारवाला. नऊ वाजताच. मी म्हटलं एवढ्या सकाळी कोण तडफडलं, तर हा दारात उभा, हातात तुझी चिठ्ठी, आणि मागे क्रेन अख्खी गल्ली अडवून. समोरची शिंपीण गॅलरीतून अर्धी बाहेर आलेली. तिला तेवढंच हवं असतं. त्याने चिठ्ठी मला वाचून दाखवली. मला वाचता येतं हे त्याला कुठलं ठाऊक, आणि मीही सांगितलं नाही. म्हटलं वाच बाबा, कुणाच्या का तोंडून होईना, मुलाचे चार शब्द कानावर पडू देत. ‘गाडी माझ्या नावावर आहे. बरीच वर्षं बंद पडून आहे. उचलून न्यावी.’ खाली तुझी सही. ‘आई’ हा शब्द कुठेच नाही. मी चिठ्ठी मागून घेतली, उलटी करून पाठीमागेसुद्धा बघितलं.

पण खरं सांगू? मला राग आलाच नाही. मला इतका आनंद झाला की गॅसवर दूध ठेवलंय हेच विसरले. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ‘ह’ अजून तसाच काढतोस, शेपटी पोटाखाली घेतलेला.

तर तो साखळी काढायला लागला. मी म्हटलं, आधी चहा घे, गाडी काही पळून जात नाही. म्हणाला, आजी, तीन गाड्या उचलायच्यात आज. म्हटलं, मग साखर जास्त घालते. चहाचा कप त्याच्या हातात देते न देते तोच कोपऱ्यावर बस थांबली आणि उतरल्या कोण? सूनबाई आणि माझी नात, भिंगरी! बाळ्या, ही एवढीशी होती रे. तेरा वर्षांची, दोन दात पुढे. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस कापलेले, खांद्याला हत्यारांची पिशवी. मी ओळखलंच नाही, मी आपली सूनबाईला विचारते, ह्या कोण? तर भिंगरी हसत सुटली आणि तिने मला उचलून गोल फिरवलं. माझी कंबर अजून बोलतेय.

सूनबाई जरा अवघडली होती. म्हणाली, ‘आई, मला रात्रीच कळलं ते गाडी न्यायला माणूस पाठवतायत. तुम्ही एकट्या असाल म्हणून आलो. द्या ना आता ती गाडी. कागदाची मुदत संपली म्हणून नोटीस येते आमच्याकडे, आणि नोटीस आली की हे दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.’ मी म्हटलं, दोन दिवसच ना.

मग मी भंगारवाल्याला विचारलं, ‘गाडी बंद पडून आहे असं कुणी सांगितलं तुला?’

‘मालकांनी.’

‘मालकांनी शेवटची बघितली कधी?’

तो चिठ्ठीकडे बघायला लागला, जसं काही त्यात लिहिलं असेल.

मी आत जाऊन किल्ली आणली. चोक अर्धा बाहेर, पेडल दोनदा दाबायचं, तिसऱ्यांदा दाबलं की ही म्हातारी रुसते. सेल्फ मारला. पहिल्याच किल्लीला लागली! काय तिची ऐट. धूर नाही, खोकला नाही. शिंपिणीने गॅलरीत टाळ्या वाजवल्या, भिंगरीने शिट्टी मारली, आणि भंगारवाल्याचा चहा त्याच्या शर्टावर.

तो बराच वेळ कान देऊन ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, ‘आजी, माझी क्रेनसुद्धा अशी चालत नाही हो. काय घालता हिला?’

म्हटलं, जे घरात असतं ते. बॅटरीच्या टोकांवर पांढरं फूल धरतं ना, त्यावर खायचा सोडा पाण्यात कालवून ओतायचा, फसफसू द्यायचा, पुसायचं. पेट्रोलची टाकी खालून पाझरायला लागली तर कपडे धुवायचा साबण ओला न करता रगडायचा, वर्षभर थेंब पडत नाही. उन्हाळ्यात चालता चालता गुदमरली तर इंजिनाजवळ पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, त्यावर ओलं फडकं. प्लग काढून जुन्या दातांच्या ब्रशने घासायचे. बेल्ट किंचाळला तर त्यालाही साबणच, पण बेताने. तो सगळं ऐकत होता, एखादा पोरगा शाळेत ऐकतो तसा. मला तर शाळेतलं कुणी असं ऐकलेलं आठवत नाही, चौथीतच उठवलं मला.

शेवटी साखळी गोळा करून म्हणाला, ‘ही मला नेता येणार नाही.’ मी भोळा चेहरा करून विचारलं, का बरं? तर म्हणाला, ‘बंद गाडी आम्ही चिठ्ठीवर उचलतो. चालू गाडीला मालक लागतो. मालकाने स्वतः यायचं, स्वतःच्या हाताने इंजिन बंद करायचं, किल्ली आमच्या हातात द्यायची, मग आमच्या पुस्तकात सही. नाहीतर उद्या कोणीही कुणाचीही गाडी चिठ्ठी लिहून भंगारात घालेल. तरी मी आमच्या शेठना विचारतो.’

म्हटलं, विचार, विचार. घाई नाही.

भिंगरी परवा पुन्हा येते म्हणाली, रेडिएटर धुवायला. इंजिनाचं शिकतेय ती, वर्गात एकटी मुलगी. तू मला हेही कळवलं नाहीस.

आई

गुरुवार, ६ तारीख

बाळ्या,

आज दोघी सकाळीच आल्या. भिंगरीने तुझा जुना शर्ट घातला होता, कोपरावर फाटलेला. बॉनेट उघडलं आणि अशी हसली, अशी हसली. ती काळी टोपी असते ना, जिच्यातून चार वायरी निघतात, तिला तडा गेलाय म्हणून मी नेलपॉलिश लावलं होतं. दमट हवेत त्या तड्यातून ठिणगी पळते, मग गाडी उठत नाही. पॉलिश लावलं की पळत नाही. ‘आजी, लाल कशाला लावलंस?’ म्हटलं, शिंपिणीकडे तेच होतं. ‘आणि वर दोन थर!’ म्हटलं, अगं नटायचं तर नीट नटावं.

ती मला म्हणते कशी, तुझे सगळे उपाय आमच्या सरांना सांगणार आहे, ते निम्म्यांवर चिडतील आणि निम्मे घरी जाऊन करून बघतील. हुशार आहे. आवाजावरून तिने सांगितलं तिसरा प्लग सुस्त आहे. तुझे बाबा असेच होते. गाडी कोपऱ्यावर असतानाच म्हणायचे, तिला कुठेतरी दुखतंय.

तू लहान असताना बाबा तुला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे आणि तू शंभरदा विचारायचास, आता मी चालवतोय ना? ते म्हणायचे, तूच चालवतोयस. हे उगाच आठवलं. शिंपीण म्हणते मी एक सांगायला जाते आणि दहा सांगते. तिच्या तोंडी हे शोभतं का तूच सांग.

तर रेडिएटर. भिंगरीने खालचा नळ उघडला, बादली लावली. गंजाचं पाणी आलं, चहासारखं. मग पाइप लावून धुतलं, पुन्हा धुतलं, शेवटी स्वच्छ पाणी आलं. ती टॉर्च घेऊन वरच्या तोंडातून आत बघत बसली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘आजी, बाबा म्हणतात तू ह्यात अंडं घातलं होतंस.’

म्हटलं, घातलं असेल.

‘अंडं गरम पाण्यात शिजतं. नळ्यांना आतून चिकटतं. कितीही वर्षं झाली तरी चोथा निघतो, वास येतो. ह्यात काहीच नाही. ह्यात अंडं कधी गेलेलंच नाही, आजी.’

म्हटलं, मेकॅनिकने धुऊन दिला असेल.

‘कोणत्या?’

म्हटलं, मेला तो.

‘आजी.’

सूनबाई पायरीवर बसून तेलाचे हात पुसत होती, ती पुसायची थांबली.

ते राहू दे. पोरगी अजून शिकतेय, तिला सगळंच कळतं असं थोडंच आहे. जेवायला थांबा म्हटलं तर बस आहे म्हणाल्या. गाडी आता पाण्यासारखी चालते, तुझ्या कानावर पडावं म्हणून लिहिते.

आई

शनिवार, ८ तारीख

बाळ्या,

काल तुझा फोन आला. मी शिंपिणीकडे गेले होते, घंटा ऐकून धावत परत आले, चप्पल तिच्याच दारात राहिली. सहा वर्षांनी ‘हॅलो’ म्हणालास, आणि मला वाटलं, माझा देव पावला. मी म्हटलं, जेवलास का? ते पण तू अर्धंच ऐकलंस.

‘आई, माझ्या मुलीच्या डोक्यात काय भरवतेस? अंडं घातलंच नव्हतं म्हणे. आता ही नवीन गोष्ट काढलीस? बाबांना त्या खटाऱ्यात कोंबलंस, वाटेत बंद पडली आणि ते गेले. मी थांब म्हणालो होतो. थांबली असतीस तर आज ते असते. निदान पोरीला तरी खोटं सांगू नकोस.’

आणि ठेवलास. मी तसाच कानाला लावून उभी. तुझ्या घराच्या भिंतीवरचं घड्याळ तरी ऐकू येईल म्हणून.

बाळ्या, मी पोरीला काही सांगितलं नव्हतं. तिने आत टॉर्च मारून बघितलं. तू कधी बघितलं असतंस तर तुलाही दिसलं असतं. पण आता तू मला खोटारडी म्हणालासच आहेस तर ऐक. खोटं मी बोलले, हे खरं आहे. कोणतं ते आता सांगते. शाई पसरतेय, पण मी थांबणार नाही, नाहीतर पुन्हा दुसरंच काहीतरी लिहीत बसेन.

त्या दिवशी सकाळी साडेसात वाजता तुझे बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, छातीवर हात, बनियन घामाने भिजलेलं. मी तुला फोन केला. तू म्हणालास, पित्त असेल. मी म्हटलं, पित्त नाही रे, ह्यांचे ओठ बघ. जसं काही तुला फोनमधून दिसणार होतं. तेव्हा म्हणालास, ‘बरं, थांब. मी गाडी घेऊन येतो, वीस मिनिटांत. बाबांना त्या खटाऱ्यात घालू नकोस.’

मी थांबले, बाळ्या.

गाडी दारात उभी होती. सात वाजताच चालू करून बंद केली होती, रोजच्यासारखी. बॉनेट अजून कोमट होतं. किल्ली माझ्या पदराला बांधलेली. चालवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं, दवाखाना काही चंद्रावर नाही. बाबा मला म्हणाले, ‘चल ना. तूच घे.’ मी म्हटलं, बाळ्या येतोय, त्याची गाडी नवीन आहे, त्यात बरं पडेल तुम्हाला. ते म्हणाले, बरं. बायकोचं असं ऐकलेलं मला तेवढंच आठवतं.

वीस मिनिटं झाली. मी फोन केला, लागला नाही. अर्धा तास झाला. फोन केला, तू उचलला नाहीस. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आले. पुन्हा गेले. पंचावन्न मिनिटं, बाळ्या. मग दूधवाला त्याचा टेम्पो घेऊन आला, त्याने बाबांना बघितलं आणि मला काही न विचारता उचललं. दुधाच्या कॅनांच्या मध्ये झोपवून नेलं त्यांना. त्यालाच विचार, अजून येतो तो. त्याने आजपर्यंत कुणाकडे तोंड उघडलेलं नाही, मी शपथ घातली होती.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.

आणि मग तू आलास, दहा वाजता, त्या लांबलचक व्हरांड्यातून धावत. मागे सूनबाई, तिचा हात धरून भिंगरी. म्हणालास, ‘मला वाटलं पित्तच असेल, म्हणून हातातलं काम उरकून निघालो.’ आणि मग डॉक्टरांनी तुला तेच सांगितलं, तासभर आधी. तू माझ्याकडे वळलास. ‘उशीर का झाला?’

तुझं तोंड बघितलं मी. मला दिसलं की खरं सांगितलं तर हा पोरगा संपला. बायकोसमोर, मुलीसमोर, जन्मभर. नवरा गेलाच होता. म्हटलं, हा तरी राहू दे. तोंडाला येईल ते बोलले. ह्यांना आपल्या गाडीत घालून निघाले, वाटेत रेडिएटर उकळला, मी गळती थांबायला अंडं फोडून घातलं होतं, त्याने तुंबला. अंडंच का सुचलं ते विचारू नकोस. गल्लीत सगळे तेच करतात. फक्त तुझे बाबा करू द्यायचे नाहीत, म्हणायचे, अंडं तव्यात.

मला वाटलं तू रडशील, दोन दिवस माझ्यावर चिडशील. तू म्हणालास, ‘मी थांब म्हणालो होतो ना? थांबली का नाहीस?’

त्या दिवसापासून मी ‘न थांबलेली’ आहे. तू गाडी स्वतःच्या नावावर करून घेतलीस, म्हणालास, ही घाण एक दिवस मीच रस्त्यावरून उचलणार, आणि गेलास. नातेवाइकांत सांगितलंस, आईच्या घरगुती उपायांनी बाबा गेले. लोक माझ्या हातचा काढा प्यायचे बंद झाले.

तुला वाचवायला मी स्वतःला पुढे केलं, त्याचं मला काही नाही. पण तू तेच गोड मानून सहा वर्षं उबेत बसलास, ह्याचं आहे. मीही चुकले. गाडी दारात होती आणि मी तुझी वाट बघितली. हे तुझ्यावर टाकत नाही, ते माझं आहे, माझ्याजवळच ठेवते.

आता शेवटचं, तेही सांगून टाकते. चालू गाडीला मालक लागतो, हे मला मंगळवारी कळलं नाही. पेपरवाल्याची जुनी गाडी भंगारात गेली तेव्हा चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन प्लग घासायला बसले. रोज सात वाजता चालू करते, दहा मिनिटं. सोडा, साबण, नेलपॉलिश, सगळं त्यासाठी. मला गाडीत बसून कुठे जायचंय? म्हटलं, एक ना एक दिवस हा ती उचलायला माणूस पाठवणारच. तेव्हा बंद असली तर चिठ्ठी येईल. चालू असली तर माझा मुलगा येईल.

आई

सोमवार, १० तारीख

बाळ्या,

पत्र पोचलं म्हणे. सूनबाईने सांगितलं तू ते वाचलंस आणि खोलीत जाऊन बसलास. बाहेर आलास तेव्हा काय बोललास ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघी आज येऊन गेल्या. सूनबाईने मला मिठी मारली, एवढी घट्ट की माझा चष्मा वाकला. म्हणाली, ‘आई, मीही तुम्हाला सहा वर्षं तसंच समजत होते.’ म्हटलं, तुला मीच तसं समजायला सांगितलं होतं, तू नीट ऐकलंस. मग हसलो दोघी, बायकांसारखं, नाक पुसत पुसत.

भंगारवालाही आला होता. त्याच्या शेठने पक्कं सांगितलंय, चालू गाडी आहे, मालक आल्याशिवाय हात लावायचा नाही. जाताना त्याच्या क्रेनचा बेल्ट किंचाळत होता, मी साबण दिला. म्हणाला, आजी, तुम्ही आमच्याकडे कामाला या. म्हटलं, तुझ्याकडे सगळ्या बंद पडलेल्या, माझं तिथे काय काम.

तो तुला फोन लावत होता माझ्यासमोर. मी म्हटलं, लावू नकोस. मी लिहिते.

तर असं ठरलंय. भंगारवाला पुस्तक घेऊन अकरा वाजता येणार. मी पावणेअकराला गाडी चालू करून ठेवीन. तू आलास तर पुढच्या सीटवर बस, इंजिन बंद कर, किल्ली त्याला दे. मी अडवणार नाही, तोंडातून शब्द काढणार नाही. गाडी माझी नाहीच. मला तू दारात उभा दिसलास की तिचं काम झालं.

आणि नाही आलास, तर सव्वाअकराला भिंगरी गाडी काढणार आहे. तिच्याकडे लायसन्स आहे. मी शेजारी बसणार, सूनबाई मागे. कुठे जायचं ते ठरलं नाही, पेट्रोल भरून ठेवलंय. पण बाळ्या, सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा. कोपऱ्यापर्यंत बघायला मी जाणार नाही, फोनही लावणार नाही.

शुक्रवारी, चौदा तारखेला अकरा वाजता नक्की येतो म्हणालेत. भंगारवाला, सूनबाई आणि भिंगरी, तिघंही.

आई